आधी चितळाकडे बघा

उन्हाळ्याच्या सफारी आटोपून परतलेल्या वाचकांची पत्रं या महिन्यात जास्त आहेत. शिकारी प्राणी आणि त्यांचं भक्ष्य यांचे फोटो, हा विषय मागच्या अंकात जाहीर केला होता. जागेअभावी सगळ्यांना उत्तर देता येत नाही, म्हणून अनेकांनी विचारलेल्या शंका निवडल्या आहेत.

प्रश्न : आम्ही सहकुटुंब ताडोब्याला जाऊन आलो. वाघ दोनदा दिसला, एकदा रस्त्यावरून चालताना आणि एकदा पाण्यात बसलेला. शिकारीचा फोटो सोडाच, वाघ आणि हरीण एका चौकटीतसुद्धा मिळाले नाहीत. बाकी सगळा वेळ नुसती चितळं. शिकारीचे फोटो मिळवणारे लोक नेमकं वेगळं काय करतात?
— एक वाचक, कराड

उत्तर : ज्यांना तुम्ही ‘नुसती चितळं’ म्हटलंत, त्यांच्यापाशी ते अर्धा-पाऊण तास गाडी थांबवतात. वाघामागे धावून वाघाचा फोटो मिळतो, शिकारीचा मिळत नाही. वाघ दबा धरणारा प्राणी आहे. तो उघड्यावर दिसतोय याचा अर्थ बहुतेक वेळा तो शिकारीवर नाही. शिकारीवर असतो तेव्हा तो गवतात असतो आणि आपल्याला दिसत असतं ते त्याचं भक्ष्य. त्यामुळे वाचायला शिकायचं ते भक्ष्याला.

मी चंद्रपुरात राहते, शाळेत जीवशास्त्र शिकवते आणि सुट्टी लागली की ताडोब्याच्या मोहर्ली गेटच्या वाटेला लागते. कोअरमध्ये, म्हणजे जंगलाच्या गाभ्यात, जामनीचं मैदान माझ्या आवडीचं. तिथलं गाव पुनर्वसनात उठलं, शेतांच्या जागी गवत आलं आणि गवतामागोमाग चितळांचे कळप आले. मैदानाच्या कडेला बांबू. म्हणजे भक्ष्याला चारा आहे, शिकाऱ्याला आडोसा आहे आणि दोन्हींच्या मध्ये मोकळी पट्टी आहे. फोटो घडतो तो या पट्टीत. कुठल्याही जंगलात गेलात तरी गाईडला ‘वाघ कुठे आहे’ असं विचारण्याआधी ‘अशी कड कुठे आहे’ असं विचारा.

आता कळपाकडे बघा. निवांत चितळं चरताना शेपट्या हलवत असतात, कान वेगवेगळ्या दिशांना फिरत असतात, पाडसं हुंदडत असतात. मग एखादी मादी मान वर करते. चघळणं थांबतं. गवताची काडी ओठांतून लोंबत राहते, ती आत ओढायचंही तिला भान राहत नाही. दोन्ही कान एकाच बाजूला वळतात. पुढचा एक पाय सावकाश वर येतो, गुडघ्यात मुडपलेला, क्षणभर हवेत राहतो आणि टापेचा आवाज करत खाली येतो. शेपटी उभी होते, खालचा पांढरा भाग चमकतो. एवढं होईपर्यंत तिनं तोंडातून आवाजही काढलेला नसतो. कॅमेरा याच वेळी डोळ्याला लागलेला हवा, कारण तिच्या पहिल्या हाकेनंतर सगळा कळप तिकडेच तोंड करून उभा राहतो आणि सगळ्या माना एका रेषेत येतात. वाघ चौकटीत नसला तरी वाघ कुठे आहे हे त्या फोटोत दिसतं.

सगळ्या हाका सारख्या नसतात. चितळ घाबरट, ते कोल्ह्याला बघूनही ओरडतं. त्यामुळे एक-दोन हाका आल्या म्हणून गाडी पळवू नका. वानर झाडावरून खकारलं तर ते कुठे बघतंय ते बघा. त्याला वरून दिसतं, आणि चितळाला खालून वास येतो. दोघं एकमेकांच्या आसपास राहतात त्यामागचं हे एक कारण. दुसरं कारण पोटाचं : वानर पानं-फळं खाली टाकतं, चितळ ती खातं. सांबर मात्र उगाच तोंड उघडत नाही. त्याचा तो घणाघाती ‘ढाँक’ थांबून थांबून पुन्हा पुन्हा येत असेल तर मी गाडी बंद करायला सांगते आणि तिथून हलत नाही.

पर्यटकांना एका गोष्टीचं फार नवल वाटतं. वाघ उघड्यावर आला की हरणं पळून जात नाहीत, उभी राहून ओरडतात. डोळ्यांसमोर असलेला वाघ त्यांच्या दृष्टीनं निम्मा निकामी झालेला असतो. ‘तू आम्हाला दिसलास’ हे त्याला कळलं की तो बहुतेक वेळा नाद सोडतो. धोका न दिसणाऱ्या वाघाचा. आपल्याला तो भडक नारिंगी दिसतो, पण हरणांच्या डोळ्यांना नारिंगी आणि हिरवा वेगळे करता येत नाहीत, त्यामुळे पिवळ्या-हिरव्या गवतात तो त्यांच्यासाठी गवतच होतो. चितळ अंतर राखून वाघाकडे बघतंय आणि वाघ तोंड फिरवून निघालाय, असा फोटो मिळाला तर तो फसलेला शिकारीचा फोटो समजू नका. बहुतेक वेळा शिकार फसतेच, आणि जंगलातलं रोजचं खरं नातं त्यातच जास्त दिसतं. गळा पकडलेल्या फोटोपेक्षा मला हा जास्त मोलाचा वाटतो.

प्रश्न : नवीन १५०-६०० मिमी लेन्स घेऊन मे महिन्यात पेंचला गेलो. वाघीण गवतात दबा धरून आणि पुढे थोड्या अंतरावर सांबर, असं नशीब उघडलं. घरी येऊन बघतो तर वाघीण स्पष्ट तर सांबर धूसर, आणि काही फोटोंत दोन्ही धूसर. लेन्समध्ये दोष आहे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : लेन्स दुरुस्तीला टाकायची घाई करू नका. तुमच्या पत्रात दोन वेगळ्या अडचणी आहेत.

पहिली खोलीची, म्हणजे फोटोत पुढे-मागे किती अंतरापर्यंतचं स्पष्ट येतं त्याची. पन्नास मीटरवरच्या प्राण्यावर ६०० मिमीनं, लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ ६.३ ठेवून फोकस केला तर पुढे-मागे मिळून साधारण दोन-अडीच मीटर इतकंच स्पष्ट येतं. वाघीण आणि सांबर यांच्यात त्याहून जास्त अंतर असणारच. त्याच जागेवरून, त्याच एफ ६.३ ला तुम्ही झूम मागे घेऊन २०० मिमी केलात तर ही खोली वीस मीटरच्या पुढे जाते. प्राणी लहान दिसतील, पण दोघंही दिसतील, मधलं गवतही दिसेल. नंतर कडा छाटता येतात. दोन प्राणी एकत्र दिसले की माझा हात आपोआप झूम मागे घेतो. तुम्हीही ही सवय लावून घ्या. ६०० मिमीवरच राहायचं असेल तर मग फोकस सांबराच्या डोळ्यावर ठेवा. मागे धूसर पिवळा-काळा आकार असला तरी बघणाऱ्याला वाघ ओळखू येतो. उलट केलं तर मात्र सांबराचा नुसता तपकिरी डाग उरतो.

दुसरी अडचण हवेची. दोन्ही धूसर आलेले फोटो किती वाजताचे आहेत ते तपासा. सकाळी नऊनंतरचे किंवा दुपारच्या फेरीच्या सुरुवातीचे असतील तर दोष तापलेल्या जमिनीचा आहे. जमिनीवरून उठणारी गरम हवा थरथरते आणि अंतर जितकं जास्त तितका फोटो बिघडतो. कितीही महागडी लेन्स असली तरी यावर इलाज नाही. गाडीच्या तापलेल्या बॉनेटवरून फोटो घेतलात तर दहा पावलांवरचं चितळही वितळल्यासारखं येतं, त्यामुळे बाजूनं घ्या. खात्री करायची असेल तर घराच्या गच्चीवरून दूरच्या पाण्याच्या टाकीचा एक फोटो सकाळी सहाला आणि एक भर दुपारी दोनला काढा, आणि शेजारी ठेवून बघा.

शटरचं थोडक्यात. चालणाऱ्या वाघाला १/५०० सेकंद पुरतं. दबा धरून बसलाय म्हणून १/१२५ वर आणू नका. तो उठला की सेटिंग बदलायला वेळ नसतो. पाठलागाला १/२००० हवं. पहाटे यासाठी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता, ६४०० पर्यंत गेला तर जाऊ द्या. दाणेदार फोटो संगणकावर सुधारता येतो, हललेला सुधारत नाही. लेन्स टेकवायला बीनबॅगची रिकामी पिशवी घरून न्या आणि तांदूळ तिकडच्या किराणा दुकानातून भरा.

प्रश्न : नागझिऱ्यात आम्ही रानकुत्र्यांनी चितळाची मादी पकडलेली बघितली. ती जिवंत असतानाच त्यांनी खायला सुरुवात केली. गाडीतले सगळे फोटो काढत होते, मी कॅमेरा खाली ठेवला. आता वाटतं, फोटो काढायला हवा होता का? आणि तिला वाचवायला नको होतं का?
— एक विद्यार्थिनी, अमरावती

उत्तर : तुझं पत्र मी दोनदा वाचलं. कॅमेरा खाली ठेवलास यात काहीही चुकलं नाही. जे घडतंय ते नुसतं बघणं हेसुद्धा तिथे असण्याचं पुरेसं कारण आहे.

वाचवण्याचं म्हणशील तर नाही, वाचवायचं नाही. रानकुत्रा, आमच्याकडचे जुने लोक त्याला कोळसून म्हणतात, वजनानं बारा ते वीस किलोचा. वाघासारखा गळा धरून ठेवण्याची ताकद त्याच्या जबड्यात नाही. तो कळपानं धावतो, दमवतो आणि मिळेल तिथे फाडतो. आपल्याला ते बघवत नाही हे खरं. पण त्याला दुसरी रीत नाही. घाईलाही कारण आहे : वाघ किंवा बिबट्या आला तर शिकार हातची जाते. आणि त्याच कळपात मोठे बाजूला होऊन पिल्लांना आधी खाऊ देतात. बिळात थांबलेल्या मादीसाठी आणि अगदी लहान पिल्लांसाठी खाल्लेलं मांस पोटातून उलटून काढतात. तुम्ही हाकलून लावलं असतं तर जखमी मादी वाचली नसतीच, आणि उपाशी कळपानं संध्याकाळी दुसरं चितळ मारलं असतं. गाड्या फार जवळ गेल्यामुळे रानकुत्रे शिकार सोडून गेले, असं होतं तेव्हाही हाच हिशेब लागू पडतो. आपल्या गर्दीमुळे एक हरीण जास्तीचं मरतं.

फोटो काढायचा की नाही हे तुझ्यावर. काढलास तर एकच मागणं आहे. त्याखाली ‘क्रूर’ असं लिहू नकोस. याच समजापायी इंग्रजांच्या काळात रानकुत्रा मारून आणणाऱ्याला सरकारातून बक्षीस मिळायचं आणि कितीतरी जंगलांतून तो संपला. आज आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या यादीत तो वाघाइतकाच संकटग्रस्त आहे, पण वाघाच्या नावानं जेवढ्या गाड्या निघतात त्याच्या पाव हिश्शानंही त्याची विचारपूस होत नाही.

रक्त टाळूनही ही गोष्ट सांगता येते. रानकुत्र्यांच्या पाठलागात हरणं पुष्कळदा पाण्यात उतरतात. मी एकदा नर चितळ तळ्यात पोटापर्यंत पाण्यात उभं असलेलं बघितलं. काठावर कळप बसलेला, अगदी आरामात; एक पंजे चाटत होता, दोघं एकमेकांशी खेळत होते, एक मात्र कान टवकारून शिंगांकडे बघत होता. चितळाच्या अंगावरून पाणी ओघळत होतं आणि नाकपुड्या फुललेल्या होत्या. कळप मधे मधे एकमेकांना शिटी घालायचा, अगदी माणसानं घालावी तशी, आणि दर शिटीला चितळाचे कान मागे जायचे. बऱ्याच वेळानं कळप उठून बांबूत गेला. आमची निघायची वेळ झाली तेव्हाही चितळ पाण्यातच होतं. त्या फोटोत कुणी कुणाला शिवलेलंही नाही. तुला मन घट्ट करायला सांगत नाही. ज्या क्षणी बघवत नाही त्याच्या आधीचे आणि नंतरचे क्षण बघ, तिथे पुष्कळ आहे : लांब उभा राहिलेला बाकीचा कळप, झाडावर जमलेले कावळे, तोंड लाल झालेलं पिल्लू.

प्रश्न : आमच्या शेजारच्या जिप्सीतल्या लोकांनी जादा टिपचं आमिष दाखवून ड्रायव्हरला गाडी पुढे घ्यायला लावली. मागूनही गाड्या आल्या आणि वाघीण बछड्यांसह मध्ये अडकली. आम्ही काय करायला हवं होतं? पुढच्या वर्षी केनियातल्या मसाई माराला जायचा बेत आहे, तिथेही असंच असतं का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : तुमच्यासारखाच प्रकार उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात ३१ डिसेंबर २०२४ ला झाला. वाघीण आणि तिचे पाच बछडे दोन्हीकडच्या गाड्यांमध्ये अडकले, चित्रफीत सगळीकडे पसरली आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. म्हणजे ही तक्रार ऐकली जाते, फक्त ती करावी लागते. गाडीचा नंबर, वेळ आणि जागा लिहून घ्या आणि गेटवर लेखी द्या. जंगलात ओरडू मात्र नका, त्यानं बछडे आणखी बिथरतात.

त्याहून महत्त्वाचं काम सफारी सुरू होण्याआधीचं आहे. गाईड आणि ड्रायव्हर यांना गेटवरच सांगा : ‘भाऊ, वाघ दिसो न दिसो, टिप ठरलेली आहे. जवळ जायचं नाही, वाट अडवायची नाही.’ त्यांच्या खांद्यावरचं ओझं उतरतं. ही आसपासच्या गावांतली मुलं आहेत, त्यांना नियम तोंडपाठ असतात. दबाव आपल्या बाजूनं येतो.

मसाई मारात चित्ता जपून बघा. सिंह आणि तरस रात्री वरचढ असतात म्हणून चित्ता दिवसा शिकार करतो, आणि दिवसाच गाड्या असतात. तिथल्या चित्त्यांवरचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. गाड्यांची वर्दळ जास्त असलेल्या भागात माद्यांची सरासरी ०.२ पिल्लं मोठी होऊ शकली, वर्दळ कमी असलेल्या भागात २.३. म्हणजे जवळपास दसपट फरक. गर्दीमुळे शिकार हुकते, मिळालेली शिकार सोडावी लागते, पिल्लं आईपासून तुटतात. नियमाप्रमाणे एका शिकारी प्राण्यापाशी एका वेळी पाचपेक्षा जास्त गाड्या नकोत. सहावी गाडी तुमची असेल तर थांबू नका. आणि चित्ता ज्या दिशेला टक लावून बघतोय त्या बाजूला गाडी उभी करू नका, कारण त्या दिशेला त्याचं हरीण असतं आणि तुमच्या गाडीमुळे ते सावध होतं. ऊन पाठीशी घेऊन बाजूला, लांब थांबा.

प्रश्न : मांस ठेवून बोलावलेल्या बिबट्याचा फोटो स्पर्धेत चालतो का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : स्पर्धेचं नंतर, आधी कायदा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच आमिष दाखवणं येतं. फोटो हा उद्देश असला तरी सुटका नाही. स्पर्धांचं म्हणाल तर लंडनच्या नामांकित जागतिक वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत २००९ चा पहिला क्रमांक, फाटकावरून उडी मारणाऱ्या लांडग्याचा, काही महिन्यांतच रद्द झाला. तो लांडगा माणसाळवलेला असावा असं परीक्षकांचं मत पडलं. छायाचित्रकारानं ते नाकारलं, पण निर्णय बदलला नाही. आमिषाला सवकलेला बिबट्या नंतर गावाच्या कोंबड्यांवर येतो आणि त्याची किंमत तो जिवानं मोजतो.

प्रश्न : मुलगा बारा वर्षांचा आहे, त्याला शिकारी प्राण्यांच्या फोटोंचं वेड आहे. सफारीचा खर्च झेपत नाही. घरी काय करता येईल?
— एक पालक, पुणे

उत्तर : पुष्कळ. घरातल्या ट्यूबलाइटपासून सुरू करा. पाल पतंगाकडे दबकत सरकते, थांबते, पुन्हा सरकते आणि झडप घालते. मोबाइलवर हे नीट येतं, फक्त भिंतीच्या बाजूनं, पालीच्या उंचीवरून धरा. बागेत पिवळ्या फुलांवर पिवळाच खेकड्यासारखा कोळी मधमाशीची वाट बघत बसलेला सापडतो. खंडोबाचा किडा पानाआड असतो. तळ्याकाठी वंचक बगळा चिखलाच्या रंगाचा होऊन उभा असतो आणि कवड्या खंड्या पाण्यावर एका जागी पंख मारत थांबून सूर मारतो; मासा पकडला की तो फांदीवर आपटतो, तेव्हा शटर १/२००० लागतं. घराजवळ शिक्रा हा शिकारी पक्षी आला की खारी, बुलबुल, सातभाई एकदम कालवा करतात. त्याला तो कालवा ओळखायला शिकवा, पुढे जंगलात हीच विद्या कामाला येईल. एक अट घाला : फोटोसाठी कोळ्याच्या जाळ्यात माशी टाकायची नाही.

प्रश्न : आम्ही धनगर आहोत. इंदापूरच्या माळावर आमची मेंढरं चरतात. लांडगा आमच्या कळपावर येतो, वर्षाला काही मेंढरं जातात, आमचं त्याच्याशी जुनं आहे. पण आता फोटोवाले गाड्या माळावर घालतात, पिल्लांच्या बिळापर्यंत जातात, ‘लांडगा कुठे आहे दाखवा’ म्हणून पैसे देऊ करतात. मेंढरू मेलं की मात्र कुणी येत नाही. आम्ही यांना काय सांगावं?
— एक मेंढपाळ, इंदापूर तालुका

उत्तर : दादा, या महिन्यातलं सगळ्यात मोलाचं पत्र तुमचं आहे, म्हणून पहिले चार शब्द फोटोवाल्यांसाठी लिहिते.

माळ मोकळा दिसतो म्हणून तो गाडीचा रस्ता नाही. चाकाखाली गवत जातं आणि जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडीही जातात. लांडग्याची पिल्लं लहान असतात तेव्हा बिळापाशी माणूस गेला की मादी एकेक पिल्लू तोंडात धरून दुसरीकडे हलवते, आणि त्या वाटेवर मोकाट कुत्री असतात. बिळाचा फोटो, आणि फोटोबरोबर जागेचा पत्ता, दोन्ही टाकू नका. वनविभागानं कडबनवाडी आणि शिरसुफळ इथे गवताळ सफारी सुरू केली आहे. वाटा ठरलेल्या आहेत, गाईड स्थानिक आहेत, पैसे गावात राहतात. तिथून चिंकारा, लांडगा, खोकड सगळं दिसतं. आणि माळावरच्या लांडग्याचं भक्ष्य म्हणजे हरीण, असं मनात धरून येऊ नका. या भागात त्याचं पोट मोठ्या प्रमाणावर शेळ्या-मेंढ्यांवर चालतं. ज्यांच्या फोटोत लांडगा आहे पण कळप, कुत्री आणि मेंढपाळ नाहीत, त्यांनी निम्मीच हकिकत टिपली आहे.

आता तुम्हाला. पैसे देऊ केले तरी बीळ दाखवू नका. कुणी ऐकत नसेल तर गाडीचा नंबर टिपा आणि वनविभागाच्या १९२६ या नंबरवर कळवा. लांडगा कायद्यानं वाघाच्याच यादीत, पहिल्या परिशिष्टात आहे.

मेंढरू गेलं तर नुकसानभरपाई मिळते, आणि तिथे फोटो तुमच्या कामाचा आहे. मोबाइल चालतो. पहिला फोटो लांबून घ्या, मेंढरू आणि आजूबाजूची ओळखीची खूण, झाड, बांध, विहीर, एकत्र येईल असा. मग जवळून गळ्यावरच्या आणि मागच्या मांडीवरच्या दातांच्या खुणा घ्या. कानात बिल्ला असेल तर त्याच्या नंबरचा वेगळा घ्या. मातीत पंजा उमटला असेल तर शेजारी काडेपेटी ठेवून सरळ वरून घ्या, म्हणजे माप कळतं. सकाळच्या तिरप्या उन्हात ठसा उठून दिसतो, डोक्यावर ऊन आलं की सपाट होतो. फोटोवर तारीख-वेळ येण्याची सोय मोबाइलमध्ये असते, ती घरातल्या शिकलेल्या मुलाकडून सुरू करून घ्या. वनरक्षकाला लगेच कळवा, ४८ तासांच्या पुढे जाऊ देऊ नका. फोटो कितीही चांगले आले तरी पंचनामा होईपर्यंत मेंढरू जागचं हलवू नका.